माझ्या गळ्यातली 'बंद आहे' ही पाटी

मी एक जुनी खुर्ची आहे. बसायची कमी आणि मोजायची जास्त. उत्तर मिनेसोटातल्या खाणींच्या गावात, मार्लिसबाईंच्या औषधांच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांशेजारी माझी जागा आहे. माझ्या पट्ट्यात हात घातला की मी तो आवळते आणि रक्तदाब सांगते. नवी होते तेव्हा माझ्यासमोर रांग लागायची. आता बहुतेक पोरंटोरंच गंमत म्हणून हात आवळून घेतात.

मित्रांनो, आर्वो लेहतिनेन मात्र नेमाने यायचा. खाणीत अवजड ट्रक चालवणारा, पन्नाशी ओलांडलेला गडी. मध्यंतरी त्याची ताकद ओसरली, कशातच मन रमेना. तपासणीत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक फारच कमी निघाले. डॉक्टरांनी खांद्यांना चोळायचे जेल दिले. पुढच्या तपासणीतही ते कमीच आले, म्हणून मात्रा दुप्पट झाली.

वसंत सरता सरता आर्वो तरतरीत झाला, आणि माझे आकडेही चढू लागले. त्याचा चेहरा लालबुंद दिसे, घोटे सुजत, डोके ठणके. पुन्हा रक्त तपासायला बोलावले, तर हा गेलाच नाही. "बरं वाटतंय ना, मग सुई कशाला टोचून घेऊ?" असे तो मार्लिसबाईंना म्हणाला. माझा जीव टांगणीला लागला होता. मला आवळता येते, ओरडता येत नाही.

एका शनिवारी तो बायकोला, व्हर्नाला, घेऊन आला. माझा आकडा बघून भडकलाच.

"एकशे ब्याण्णव? हे खटारं कामातून गेलंय!"

त्याने भिंतीशी पडलेली 'बंद आहे' ही पाटी उचलून माझ्या गळ्यात अडकवली. इतकी वर्षे इमानाने मोजले आणि खोटारडी मीच ठरले! मला फार लागले ते.

"खटारं नाही, तुझंच डोकं फिरलंय," व्हर्ना म्हणाली. "काल कुत्र्यावर खेकसलास, आज माझ्यावर. सरक बघू." पाटीसकट ती माझ्यावर बसली. मी तिचा हात आवळला. एकशे अठरा.

"घे! आता बोल."

मार्लिसबाई काउंटरमागून लगबगीने आल्या. "आर्वो, जेल सुरू झालं तेव्हा ते कधी लावायचास तू?"

"कामावरून आलो की. मग सौना."

सौना म्हणजे तापल्या दगडांची वाफखोली. इथल्या फिनिश घरांत तिच्याशिवाय दिवस मावळत नाही.

"लगेच?"

"मग काय मुहूर्त काढू?"

"अरे देवा! औषध अंगात मुरायच्या आत घामाबरोबर वाहून जात होतं. म्हणून तपासणीत कमी आलं, म्हणून मात्रा वाढली. डॉक्टरांना सौनाचं सांगितलंस?"

"त्यांनी कुठे विचारलं?"

व्हर्नाचा चेहरा पांढरा पडला. "पण सौनाचं धुराडं तडकलंय. वसंतापासून सौना बंदच आहे."

म्हणजे तेव्हापासून दुप्पट मात्रा पुरतीच्या पुरती त्याच्या अंगात जात होती. आर्वोने कपाळ दाबून धरले.

"व्हर्ना, मला... सगळं दोन-दोन दिसतंय गं."

बाईंनी त्याला माझ्यावरच बसवले आणि रुग्णवाहिका बोलावली. व्हर्ना त्याचा हात सोडेना. तो घामाघूम झाला होता, आणि मला नुसते धरून ठेवण्यापलीकडे काही करता येत नव्हते. रुग्णवाहिका आली आणि त्याला घेऊन गेली.

तो वाचला. जादा औषधाने त्याचे रक्त काकवीसारखे दाट झाले होते, असे नंतर व्हर्नाने बाईंना सांगितले. डॉक्टरांनी जेल थांबवले, आणि पुढे कमी मात्रेत, सकाळी लावायला, नव्याने सुरू केले. आता तो रक्ताची तपासणी चुकवत नाही.

मित्रांनो, औषध आपलेच असले तरी ते आपल्या मर्जीने चालत नाही. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपल्या सवयी त्यांना सांगा. आणि यंत्र खोटे बोलते असे वाटले, तर आधी दुसऱ्या कुणाचा हात घालून बघा.

त्या गडबडीत माझ्या गळ्यातली पाटी तशीच राहिली होती. हिवाळा लागेपर्यंत माझ्याकडे कुणी फिरकले नाही. मग एके दिवशी आर्वो आला, पाटी काढून काखेत मारली आणि मुकाट्याने बसला.

"आवळ बाई," तो हळूच म्हणाला, "खरं काय ते सांग."