न उडणारा फ्यूज

वहिनींनी पलंगामागच्या भिंतीला तळहात लावला आणि झटकन काढून घेतला. काल नुसती कोमट लागलेली भिंत आज चांगलीच गरम होती. जळक्या रबराचा वासही सकाळपासून घरभर फिरत होता. पलंगावरच्या नवऱ्याला तेवढा तो येत नव्हता, कारण त्यांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती.

"काय चाचपतेस गं भिंतीला?"

"काही नाही हो. पोपडे धरलेत."

नवरा जन्मभर वायरमन. लोकांना "भिंतीच्या आत जोड देऊ नका" म्हणून दटावायचे आणि स्वतःच्या घरात मात्र कामावरून उरलेले तुकडे जोडजोडून भिंतीत गाडलेले. "पुढच्या वर्षी सगळं नवीन करू," असं ते लग्न झाल्यापासून म्हणत आले होते. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. उलट लोकांच्या भिंती फोडताना उडालेली धूळ छातीत साठत गेली आणि त्यांनी अंथरूण धरलं. आता उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असे. ते थांबलं की त्यांचे ओठ निळे पडत.

आणि ते थांबे, कारण फ्यूज उडे. फ्यूजची तार घालायला वहिनी केव्हाच शिकल्या होत्या. वायरमनची बायको एवढंही शिकणार नाही तर काय! पण एका दुपारी फ्यूज लागोपाठ उडत राहिला. इकडे तार घालावी, तिकडे नवऱ्याचे डोळे पांढरे व्हावेत. शेवटी वहिनींनी हाताला येतील तेवढ्या तारा एकत्र पिळल्या आणि कोंबल्या. त्यानंतर फ्यूज कधी उडाला नाही. आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं होतं.

आता मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी टेस्टरला फोन केला. टेस्टर म्हणजे नवऱ्याच्या हाताखाली तयार झालेला वायरमन. केस पिकले तरी कानावर टेस्टर खोचायची सवय गेली नव्हती, म्हणून हे नाव. त्याने बोर्ड उघडून आत डोकावलं आणि वहिनींना स्वयंपाकघरात नेलं.

"वहिनी, आता दुरुस्तीबिरुस्ती काही नाही. वायरवरचं रबर पाव कुस्करावा तसं सुटतंय. सगळी काढून नवीन टाकायची."

"कधी?"

"कधीच व्हायला हवं होतं. आता एक दिवसही काढू नका. ऑक्सिजनच्या खोलीत ठिणगी पडली ना, तर..."

"मग कर ना. मशीनला बाहेरून तात्पुरती लाइन दे."

"लाइन देईन हो. पण धूळ? भिंती फोडायच्यात. भिंतीवरून नुसत्या पट्ट्या ठोकून वायर न्यायची म्हटलं तरी हा गिलावा हात लावताच ढासळतोय. आणि नळीवरच्या माणसाला दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवता येत नाही. उस्तादांना आधी हॉस्पिटलात हलवा."

मागच्या खेपेला हॉस्पिटलातून आल्यावर नवऱ्याने वहिनींचा हात धरून म्हटलं होतं, "पुन्हा तिकडे नेऊ नकोस. मरेन ते इथेच, माझ्या पलंगावर." त्यांनी शब्द दिला होता. आणि डॉक्टरांनी तर स्वच्छच सांगितलं होतं की पुन्हा आणावं लागलं, तर घरी परत जाण्याची आशा धरू नका.

"काहीतरी जुगाड कर रे," वहिनी हात जोडून म्हणाल्या. "महिनाभर ढकल. पाया पडते तुझ्या."

टेस्टरने नकारार्थी मान हलवली.

"चोरासारखे काय कुजबुजताय?" आतून धापा टाकत आवाज आला. "टेस्टर, इकडे ये. फ्यूज... बरेच दिवस उडाला नाही. काढून दाखव मला."

"उस्ताद, मशीन बंद पडेल."

"तेवढा दम काढतो मी."

टेस्टरने फ्यूज उपसला. घरघर थांबली. धावत येऊन त्याने तो त्यांच्या डोळ्यांपुढे धरला आणि तसाच धावत जाऊन परत बसवला. मशीन सुरू झालं. श्वास जागेवर येईपर्यंत ते छताकडे बघत राहिले.

"हे कुणी केलं? असला फ्यूज उडत नाही... भिंतीतली वायर जळते."

"मी," वहिनी म्हणाल्या.

"किती तारा घातल्यास?"

"कोण मोजतंय! तुम्ही डोळे फिरवले होते हो..." त्यांना हुंदका आवरेना.

"माझ्या हाताखाली असतीस... तर त्याच दिवशी हाकलली असती." ते हसायला गेले आणि खोकला आला. मग म्हणाले, "मला ने हॉस्पिटलात."

"नाही. मी शब्द दिलाय."

"मलाच दिलायस ना? घे, सोडवलं मी तुला."

"जळू दे घर! मला नको!"

"मला हवंय. मी असाही चाललोच आहे. तुला राहायचंय इथे." त्यांनी टेस्टरकडे पाहिलं. "बघत काय बसलास? गाडी बोलव."

त्यांना नेलं. घरात भिंती फुटू लागल्या. पलंग, फडताळं, भांडी, सगळ्यावर धुळीचा थर बसला. वहिनी हॉस्पिटलातून यायच्या, धुतलेले कपडे घेऊन परत जायच्या. एका संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांना वॉर्डाबाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं, "आता घराचा विचार करू नका." वहिनींना रडूही आलं नाही. नुसती मान हलवून त्या कपडे आणायला घरी आल्या.

टेस्टर तोंडाला फडकं बांधून पलंगामागे उभा होता. त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तो पेन्सिलीने भिंतीवर नवीन वायरची रेघ मारू लागला.

"वहिनी," तो म्हणाला, "मशीनचा पॉइंट कुठे देऊ?"

"उशाशीच दे. नळी पुरायला हवी."

"स्वतंत्र लाइन टाकतो. जाड वायर. घरातलं बाकी काहीही बंद पडलं तरी तो चालू राहील."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि पलंगावरची धूळ हाताने झाडू लागल्या.