वरवंट्याची साखर

बडोद्याच्या हरणीतल्या एका सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये रविवारी सकाळी नऊ वाजता दीडशे माणसं कडुनिंबाखाली दाटीवाटीने उभी राहून मुंग्या बघत होती. मुंग्या काही जगावेगळं करत नव्हत्या. त्या आपल्या रांग धरून एका ओल्या डागाकडे निघाल्या होत्या. पण पहिली मुंगी डागापाशी पोचते न पोचते तोच बायकांनी हात जोडले, पुरुषांनी मोबाईल उंच धरले आणि मागे कोणीतरी हुंदका दिला.

"जुओ," कीडीवाले बापू माईकवरून म्हणाले, "आ बेनना शरीरनी साकर. बधी नीकळी गई." म्हणजे या बाईंच्या अंगातली साखर सगळी निघून गेली.

गुजरातीत मुंगीला कीडी म्हणतात आणि बापूंची सगळी कीर्ती तिच्यावर उभी होती. मधुमेहाच्या रुग्णाचे पाय परातीतल्या पाण्यात ठेवायचे, त्यात मूठभर करडं भस्म टाकायचं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचं आणि ते पाणी झाडाच्या एका बाजूला ओतायचं. दुसऱ्या बाजूला बाटलीतलं साधं पाणी. मग अर्धा तास भजनाची धून. तेवढ्यात पायांच्या पाण्यावर मुंग्या जमायच्या. साध्या पाण्याकडे एकही फिरकायची नाही.

"रिपोर्ट खोटो होय, कीडी खोटी ना होय," बापू सांगत होते. "लॅबवाळाने पैसा जोईए. कीडीने शुं जोईए?"

मुंगीला काय हवं असतं, हे घरात साखरेचा डबा असलेल्या दीडशे माणसांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही.

गर्दीच्या कडेला उभी राहून मोहना दात-ओठ खात होती, कारण आज परातीत पाय होते ते तिच्या आत्याचे. अहल्याआत्याने बुधवारपासून इन्सुलिन बंद केलं होतं. आणि आत्याला इथवर आणलं होतं मोहनानेच, तेही बसमध्ये बसल्या बसल्या, एका बोटाने.

मोहना बी.एड. करत होती आणि सुभानपुऱ्यात आत्याकडे राहत होती. गेल्या मंगळवारी कॉलेजला जाताना तिच्या मोबाईलवर एक बातमी आली. लाल पट्टी, कोट घातलेला निवेदक, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला कोणी डॉक्टर, आणि मुंग्या. तिने अर्धीमुर्धी पाहिली. दोन बाजूंचं पाणी बघून तिला वाटलं, अरे, हे तर तुलना करून दाखवताहेत, म्हणजे प्रयोगच झाला. "आत्या, हे बघ," एवढं लिहून तिने ती पाठवून दिली आणि विसरून गेली.

आत्याने ती नवऱ्याला, म्हणजे श्रीपतरावकाकांना दाखवली. काका रिफायनरीतून निवृत्त झालेले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता आणि मोबाईलवर तो ओसंडून वाहत होता. त्यांनी बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली आणि वर आपल्या पदरचं जोडलं: आमची मोहना बी.एड. करते, खात्री केल्याशिवाय ती काही पाठवणार नाही.

झालं. तिने न केलेल्या खात्रीवर घराने विश्वास ठेवला.

"काका, मी पूर्ण पाहिलीसुद्धा नव्हती ती," घरी परतताना रिक्षात मोहना म्हणाली.

"मग पाठवलीस कशाला?" काकांनी शांतपणे विचारलं. प्रश्न बरोबर होता आणि त्याचाच तिला जास्त राग आला. वर्गात आठवीच्या मुलांना 'बातमी कशी तपासावी' हा सराव पाठ ती गेल्याच महिन्यात देऊन आली होती. निरीक्षक बाईंनी शाबासकीही दिली होती.

घरी आल्यावर तिने तो पाठ पहिल्यांदा स्वतःला लावला. त्या चॅनेलला जेमतेम तीन आठवडे झाले होते. पत्ता नाही, संपादकाचं नाव नाही. आणि स्टेथोस्कोपवाले डॉक्टर त्याच चॅनेलच्या दुसऱ्या बातमीत मुंडासं बांधून, शेतकरी होऊन कुठल्याशा खताचे गोडवे गात होते. हे सगळं शोधायला दहा मिनिटं लागली. मंगळवारी एवढी दहा मिनिटं तिच्याजवळ होती. सिग्नलला बस त्याहून जास्त वेळ उभी होती.

तिने ते काकांना दाखवलं. काका म्हणाले, "शिकलेला माणूस शेती करत नाही का?"

मोहनाने कपाळावर हात मारून घेतला. मग तिला तो कॉमन प्लॉट आठवला. दोन बाजूंना दोन पाणी. एकात पायही होते आणि भस्मही होतं. दुसऱ्यात दोन्ही नव्हतं. मग मुंग्या पायांना आल्या की भस्माला, हे बापूंना तरी कसं कळलं?

"आत्या, त्यांनी सात दिवसांची पुडी दिली आहे ना? दे जरा."

"जिभेला लावायचं नाही हं. फक्त पायांसाठी आहे, असं सांगितलंय त्यांनी."

"नाही लावत. तू मागच्या ओट्यावर ये."

मोहनाने एका घमेल्यात साधं पाणी घेतलं आणि आत्याला त्यात पाय ठेवायला लावले. भस्म नाही. दुसऱ्या घमेल्यात साधं पाणी, मूठभर भस्म, आणि पायांच्या जागी स्वयंपाकघरातला दगडी वरवंटा, तोही साबणाने घासून. पंधरा मिनिटांनी तिने दोन्ही पाणी पेरूच्या झाडाखाली दोन बाजूंना ओतलं. धूनऐवजी तिघांनी चहा घेतला.

आत्याच्या पायांच्या पाण्याकडे एक मुंगी आली, मिशा हलवून निघून गेली. वरवंट्याच्या पाण्यावर मात्र हरणीला लाजवेल अशी जत्रा भरली.

"काका," मोहना म्हणाली, "वरवंट्याला मधुमेह आहे. त्याला बापूंकडे कधी नेऊ या?"

काका चष्मा पुसत राहिले. आत्या मात्र खाली वाकली. तिने पुडीतली चिमूट ओल्या बोटांवर घेतली, चोळली, बोटं एकमेकांना चिकटवून सोडवली.

"पिठीसाखर आहे गं," ती हळूच म्हणाली. "वर गोवरीची राख मिसळली आहे. इतकी वर्षं शंकरपाळे केले, बोटांना कळतं ते. तिथे मला हात लावायचं सुचलंच नाही."

ती आत गेली आणि चार दिवस कपाटात पडलेलं साखर मोजायचं यंत्र घेऊन आली. आकडा आला तीनशे बावन्न. मग काकांनीच डॉक्टरांना फोन लावला आणि ते सांगतील ते गुपचूप लिहून घेतलं. संध्याकाळी आत्याने इन्सुलिन घेतलं.

मोहनाने वरवंट्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. तीन अंगठे आले आणि एक हसरा चेहरा. तिकडे मुंग्यांची बातमी गावोगाव फिरतच होती. मंगळवारी वर्गातल्या योगिनीने तिच्यापुढे मोबाईल धरला. "ही तूच का गं?"

डभोईच्या कुठल्या तरी ग्रुपवर ती बातमी होती आणि वर लिहिलं होतं: बडोद्याच्या शिक्षिका मोहना मॅडम यांनी स्वतः खात्री केलेला उपाय. खाली प्रतापसिंह नावाच्या एका दुकानदाराने उत्तर दिलं होतं, की मॅडमचा आभारी आहे, आईची इंजेक्शनं आजपासून बंद.

आठवडाभरात काकांच्या पदरचं एक वाक्य वाढत वाढत तिला नोकरी लागण्याआधीच मॅडम करून बसलं होतं. तिने योगिनीकडून नंबर घेतला आणि कॉलेजच्या जिन्यातच फोन लावला.

"प्रतापसिंहभाई, तुम्ही मला ओळखत नाही. आधी डॉक्टरांना विचारा आणि आईंची इंजेक्शनं सुरू करा. ती बातमी खोटी आहे."

"पण बेन, ती तर बडोद्याच्या मॅडमनी तपासली आहे ने?"

"मीच ती मॅडम. मी काही तपासलं नव्हतं. मी शिक्षिकासुद्धा नाही अजून."

"मग आता तुमचं तरी का ऐकायचं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग होता आणि तो रास्त होता.

"नका ऐकू," मोहना म्हणाली. "माझं नाव बघून एकदा ऐकलंत तेवढं पुरे. इंजेक्शन डॉक्टरांना विचारून आजच द्या. आणि बापूंकडून भस्माची पुडी आणली असेल ना घरी? ती साध्या पाण्यात कालवा, त्यात दुकानातला एखादा दगड बुडवा आणि पाणी अंगणात ओता. मग मुंग्या काय करतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जे दिसेल ते त्या ग्रुपवर तुमच्या नावाने लिहा."

तासाभराने त्यांचा फोटो आला. दुकानातलं पाच किलोचं वजन, आणि त्याभोवती काळीभोर रांग. खाली एकच ओळ होती: आईला इंजेक्शन दिलं.

मोहनाचं बोट सवयीने तो फोटो पुढे पाठवायला गेलं. तिने ते मागे घेतलं, प्रतापसिंहांना पुन्हा फोन लावला आणि विचारलं, "वजन आधी धुतलं होतं ना?"