पिशवीआडचा शनी

लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा ढीग, दारात ढकलाढकली आणि आत जो तो मान उंचावून खिडकीकडे बघतोय. खिडकीशी मखमल गुंडाळलेली माणसाएवढी दुर्बीण उभी होती आणि तिच्या शेजारी खुद्द दुर्बीणबाबा. डोळा लावून आलेला प्रत्येक जण "दिसला, दिसला!" करत मागे फिरत होता. एक शिंपी तर चक्क रडत होता.

रांगेत उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंना रडू नाही, राग येत होता. बाजारातून भाजीची पिशवी घेऊन घरी निघाल्या होत्या, तेवढ्यात वहिनीचा फोन आला, "यांनी दवाखान्यात जायचं रद्द केलंय, आम्ही दुर्बीणबाबांकडे आहोत." तशा त्या तडक इकडे आल्या.

त्यांचा दादा सुतार. महिनाभर रंधा मारताना त्याच्या छातीत कळ येत होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हृदयाची रक्तवाहिनी तुंबलीय, उद्या सकाळी दाखल व्हा, उशीर जिवावर बेतेल. बाबाने सांगितलं की शनी हृदयावर बसलाय, तो उठेपर्यंत अंगाला शस्त्र लावायचं नाही. दादाने बाबाचं ऐकलं. आता एक जिना चढून तो भिंतीला टेकून धापा टाकत होता.

"दादा, ऐक माझं. घरी चल, बॅग भरू."

"तू म्हणजे शंकासूर आहेस. अगं, मी या डोळ्यांनी बघितलाय शनी. कड्यासकट!"

"डोळ्यांनी दिसलेलं कसं नाकारायचं, ताई?" वहिनी हळूच म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

तिकडे बाबाची टकळी चालूच होती. "बुध बुद्धी देतो, शुक्र संसार फुलवतो, मंगळ भांडणं लावतो, गुरू भाग्य उघडतो!" बाई मनात म्हणाल्या, बुध म्हणजे सूर्याभोवती घाईघाईने पळणारा भाजका दगड, तो कुणाला बुद्धी देणार? शुक्रावर शिसं वितळेल एवढी उष्णता, तिथे कसला संसार फुलतोय! मंगळ बिचारा लोखंडाच्या गंजाने लाल झालेला. आणि गुरूच्या पोटात बाकीचे सगळे ग्रह मावतील, पण एखाद्याचं भाग्य काही त्यात सापडायचं नाही.

"बाबा, बाहेर तर आभाळ भरून आलंय," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"माझ्या भिंगाला ढग आड येत नाहीत, माते. ये, डोळा लाव."

बाईंनी डोळा लावला. खरंच शनी होता. पिवळसर गोळा, भोवती देखणं कडं. क्षणभर त्यांना वाटलं, आता दादाला काय सांगू?

पण त्या डोळा लावून तशाच उभ्या राहिल्या, आणि शनीही तसाच उभा राहिला. शाळेच्या छोट्या दुर्बिणीतून त्या दरवर्षी मुलांना शनी दाखवत. तो मिनिटभरही जागेवर थांबत नसे. मुलं ओरडत, "बाई, पळाला!" पळते आपली पृथ्वी, ती फिरते म्हणून तो नळीतून सरकतो. हा मात्र खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी होता.

"मंगळ दाखवता?"

बाबाने एक चकती फिरवली. मंगळ आला. "आणि गुरू?" गुरूही आला. नळी मात्र तसूभर हलली नव्हती.

"सगळे ग्रह याच खिडकीत भाड्याने राहतात का हो?" बाईंनी विचारलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"संशयी माणसाला शनी सोडत नाही!" बाबा गरजला आणि त्याने शनी परत आणला.

"बरं झालं आणलात. दादा, तू डोळा लाव. काय दिसतंय?"

"शनी. कड्यासकट."

"आता मान वर कर आणि नळीचं तोंड बघ."

दादाने मान वर केली. तो डोळा लावून असतानाच बाईंनी नळीच्या तोंडावर भाजीची पिशवी गच्च चढवली होती.

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले. बाबा सावरून म्हणाला, "माझ्या भिंगाला पिशवीही आड येत नाही!"

"मग मधे कोबी कसा नाही दिसला?" बाईंनी मखमलीखालून भिंतीकडे गेलेली वायर पायाने दाखवली. "दादा, पुन्हा डोळा लाव. वहिनी, ते बटण बंद करा."

वहिनीने पुढे होऊन बटण दाबलं.

"विझला!" दादा ओरडला. "अगं, शनी विझला!"

त्याने खिशातून पेचकस काढला आणि एकेक स्क्रू सोडवत नळी उघडली. आत एक बल्ब, एक फिरती चकती आणि तिच्यात बसवलेली रंगवलेली काचेची सात चित्रं. नेपच्यूनपर्यंत येता येता रंगाऱ्याला कंटाळा आला असावा, कारण तिथे मंगळच निळा करून ठेवला होता. "काम पण कच्चं," सुतार पुटपुटला. बाबा मागच्या जिन्याने पसार झाला होता. तरीही तो शिंपी म्हणत होता, "यंत्र खोटं असेल, बाबा खरे असतील." अशांचं काय करायचं, हे बाईंना अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा दवाखान्यात दाखल झाला. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असता तर आमच्याही हाती काही उरलं नसतं. हे ऐकून बाई जिन्यात बसून रडल्या, मग तोंड धुऊन आत गेल्या.

पुढे एका निरभ्र संध्याकाळी दादा हळूहळू, पण न धापा टाकता शाळेच्या गच्चीवर चढला. बाईंनी दुर्बीण लावून दिली. शनी दिसला, बाबाच्या शनीपेक्षा कितीतरी लहान, आणि थोड्याच वेळात कडेला सरकू लागला.

"अगं, पळतोय!"

"पळू दे. एकशे चाळीस कोटी किलोमीटरवर बर्फाची आणि दगडांची कडी सांभाळत फिरतोय तो. तुझ्या छातीवर बसायला त्याला सवड कुठली?"

दादा हसला, आणि हसताना त्याचा हात सवयीने छातीकडे गेला. तिथे काही दुखत नव्हतं.

ग्रह जरूर बघा, वाचकहो. फार सुंदर आहेत ते. पण छातीत कळ आली तर डॉक्टर गाठा. आणि कुणी तुम्हाला आभाळ दाखवू लागला, तर डोळा लावण्याआधी नळीच्या तोंडावर एकदा पिशवी टाकून बघा.