हॅटमधून इंजिनात

मी एक पिन. कागदाला टोचायची नव्हे. बायकांच्या हॅटमध्ये खुपसायची, वीतभर लांब, पोलादी, डोक्यावर काळा मणी. जन्मले कारखान्यात, पण शहाणी झाले हुल्डाच्या डोक्यावर. न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या द्राक्षांच्या गावात ती हॅट शिवून विकायची. वारा सुटला की निम्म्या बायका एका हाताने हॅट धरून चालायच्या. हुल्डाचे दोन्ही हात मोकळे असायचे. माझ्यावर तिचा एवढा भरवसा, म्हणून मला भारी तोरा होता.

तिचा धाकटा भाऊ ऑरिन तीन वर्षं कोठारात विमान बांधत होता. इंजिन मात्र लेम्युएलमामांचं, मळ्याचं पाणी उपसायला आणलेलं. मामांनी बजावलं होतं, "शनिवारी जत्रेत पाच मिनिटं हवेत राहिलास तर इंजिन तुझं. नाहीतर सोमवारी पंपाला जोडतो. तुझ्या हौसेपायी माझ्या वेली वाळायला नकोत."

जमिनीवर ते इंजिन शहाण्यासारखं चालायचं. हवेत गेलं की मिनिटभरात ठसका, काळा धूर, आणि विमान खाली. पेट्रोल जास्त, हवा कमी. मागच्या खेपेला ऑरिन बदकांच्या डबक्यात उतरला होता.

गुरुवारी हुल्डा पंखांचं कापड शिवायला आली. इंजिन सुरू होतं, अख्खं कोठार थरथरत होतं.

"बघ ताई, कसं गातंय. पेट्रोलच भेसळीचं असणार."

हुल्डा इंजिनाकडे नाही, त्याच्या हाताकडे बघत होती. "हात काढ."

"कशावरचा?"

"त्या स्क्रूवरचा. वाऱ्यात हॅट धरावी तसा धरून बसलायस."

इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात तो टोकदार स्क्रू बसायचा. ऑरिनने हात काढला. थरथरीने स्क्रू आपोआप फिरू लागला, भोक मोकळं झालं, आणि काळा धूर निघाला. ऑरिन पालथ्या बादलीवर बसला. "म्हणजे जमिनीवर इतके दिवस मीच धरून ठेवलं होतं. हवेत हात सुकाणूवर असतात," तो म्हणाला. मला त्याची फार कीव आली.

त्याने स्क्रू तारेने बांधला, तार तुटली. मग हुल्डाने मला उपसलं आणि हॅटच्या कडेचा नमदा, दाबून जाड केलेली लोकर, कात्रीने कापला. "हॅट कितीही हलू दे, नमदा हिला सोडत नाही."

"विमानात हॅटची पिन? लोक हसतील, ताई."

"बदकं हसली तेव्हा मेलास का?"

स्क्रू काढून त्याच्या जागी मला त्या भोकात बसवलं, भोवती नमदा ठासून भरला. खरं सांगते, मी घाबरले होते. पण पेट्रोल पिऊन नमदा फुगला आणि त्याने मला घट्ट धरलं.

शनिवारी आम्ही वर गेलो. इंजिन थरथरलं, मी जागची हलले नाही. सातव्या मिनिटाला मामा घड्याळ खिशात टाकत म्हणाले, "उतर की आता, कळलं मला." हे हुल्डाने नंतर सांगितलं. तिची स्वतःची हॅट पिनेवाचून उडून बदकांकडे गेली होती.

पुढे माझ्या जागी चांगली पितळी सुई आली आणि मी हुल्डाच्या नव्या हॅटमध्ये परतले. अजून मला पेट्रोलचा वास येतो. चर्चमध्ये शेजारच्या बायका नाक मुरडतात.

परवा ऑरिनने तिला विमानातून फिरवून आणलं. वर जाताच बाईसाहेबांनी दोन्ही हातांनी हॅट गच्च धरली. मला वाईटच वाटलं.

"ताई, हात काढ," ऑरिन ओरडला.

तिने एक हात काढला. जरा वेळाने दुसराही.