त्रेसष्टावे पान

नाक मुरडलेत ना, मित्रांनो? मुरडा, मला राग नाही. माझा वास मलाही सहन होत नाही. मी एक जुनी कादंबरी आहे, शाळेच्या ग्रंथालयातल्या सगळ्यात खालच्या फळीवरची. माझ्या अंगाला खळीची आणि झुरळांची जी घाण येते, ती कुठून आली तेच मला आज सांगायचे आहे.

जन्म माझा चांगल्या घरातला. जाड कागद, दोऱ्याची शिलाई, पाठीवर सोनेरी अक्षरे. छापखान्यातल्या बाइंडरने मला हातात तोलून पाहिले आणि म्हणाला, "ही शंभर वर्षं हलत नाही बघ." माझ्या लेखकाला लोकांनी डोक्यावर घेतले होते. प्रस्तावनाच तीन होत्या, आणि त्या लिहिणाऱ्यांपैकी निदान दोघांनी मला शेवटपर्यंत वाचलेले नव्हते. माझ्यात एक नदी आहे, पूर आहे, बुडायला निघालेली होडी आहे आणि सगळ्यांना वाचवणारी एक कोळसेवाली पोर आहे.

त्या पोरीला माझ्या लेखकाने एका शिवीनेच हाक मारली आहे. एकदा नाही, अकरा वेळा. शिवी तिच्या रंगावर आणि तिच्या आईच्या कामावर आहे. ती मी इथे सांगणार नाही. सांगितली तर तुमच्यातले दोघेतिघे उद्या मधल्या सुट्टीत ती कुणावर तरी वापरून बघतील. मी काही तुम्हाला आजपासून ओळखत नाही. लोक म्हणतात, त्या काळी सगळेच तसे बोलत. त्या काळच्या कोळसेवालीला कुणी विचारले होते का? पहिल्यांदा तो शब्द माझ्या कागदावर दाबला गेला तेव्हा त्याची शाई मला खुपली, आणि ती अजून खुपते.

एक मात्र लेखकाने बरे केले. त्रेसष्टाव्या पानावर त्याने त्या पोरीला बोलू दिले. शिवी देणाऱ्या मालकाच्या स्वच्छ पायरीवर ती कोळशाची टोपली उपडी करते आणि अख्खे पानभर एकटीच बोलते. मध्ये कुणी तोंड घालत नाही.

शाळेत आम्ही चार बहिणी आलो, म्हणजे एकाच कादंबरीच्या चार प्रती. पाठीवर शिक्का बसला, आत कार्ड लागले. सुरुवातीची वर्षे सुखाची होती. मुले मला दप्तरात लपवून गणिताच्या तासाला वाचायची. माझ्या पानांवर बोटांचे ठसे उमटले, एकदा कुणाच्या तरी डोळ्यांतले पाणीही पडले. पुस्तकाला आणखी काय हवे असते?

मग एके दिवशी बाईंनी मला वर्गात मोठ्याने वाचायला घेतले. त्यांचा आवाज छान होता, आणि तो शब्द आला तेव्हा त्यांनी तो अगदी रंगवून म्हटला. वर्ग हसला. हसता हसता सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथे कोळशाच्या वखारवाल्याची धाकटी मुलगी बसली होती. आंघोळ करून, वेणी घालून आली होती बिचारी. नखांच्या कडेला तेवढी काळी रेघ राहिली होती. बाईंच्या ते लक्षातच आले नाही. त्रेसष्टावे पान यायच्या आत घंटा झाली, आणि पोरांना जे हवे होते ते मिळाले.

दुसऱ्या दिवसापासून तिला कुणी नावाने हाक मारली नाही. मला स्वतःची शिसारी आली. ती शिवी माझ्यातून निघाली होती आणि एका चालत्याबोलत्या मुलीला जाऊन चिकटली होती.

पण ती मुलगी चिवट निघाली. तिने माझ्यावर थुंकायला हवे होते. त्याऐवजी तिने मला घरी नेले. वखारीतल्या पोत्यांवर बसून ती त्रेसष्टाव्या पानापर्यंत आली, थांबली, आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचत राहिली. चार दिवसांनी मैदानात पोरांनी हाक मारली तेव्हा तिने हात कमरेवर ठेवून ते अख्खे पान त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवले. पोरे गप्प झाली. ती हाक तिथेच बंद पडली.

वर्षे गेली. शाळेत नवे मुख्याध्यापक आले. एका पालकाने तक्रार केली की पुस्तकात घाणेरडा शब्द आहे. तक्रार खरी होती, मित्रांनो. मला वाटले, आता तरी माझ्याबद्दल कुणी नीट बोलेल. वर्गात वाचण्याआधी मुलांना सांगेल की हे असे का लिहिले, ते का वाईट, आणि पुढे पोर काय उत्तर देते. पण टेबलाभोवती पाच माणसे बसली आणि चहा गार व्हायच्या आत निकाल लागला.

"तुमच्यापैकी कुणी वाचलंय हे?" ग्रंथपालांनी भीत भीत विचारले.

"वाचायला वेळ कुणाला आहे?" मुख्याध्यापक म्हणाले. "शब्द झाका म्हणजे झालं. परवा तपासणी आहे."

बाइंडर बोलावला. त्याने मैद्याची खळ शिजवली, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या कडा कापून पट्ट्या केल्या आणि माझ्या अंगावर अकरा ठिकाणी चिकटवल्या. ओल्या पानांच्या मध्ये मेणकागद घालून ती एक दिवस वाळू द्यायची असतात. बाइंडरला ते चांगले ठाऊक होते. पण वरून तगादा होता, म्हणून त्याने आम्हा चौघींना तशाच ओल्या दाबयंत्रात घातले. दुसऱ्या दिवशी त्याने पाने सोडवली तेव्हा बासष्ट आणि त्रेसष्ट एकमेकांना घट्ट चिकटली होती. त्याने ओढली. त्रेसष्टाव्या पानाची सगळी अक्षरे सालासारखी निघून आली. चौघींचीही. त्याने ते तुकडे केराच्या टोपलीत टाकले आणि हात धुतले.

पुढचे सांगायलाही किळस येते. खळीच्या वासाने आधी कसर आली, मग झुरळे. रात्रंदिवस ती माझ्या पोटात कुरतडत असतात, तिथेच अंडी घालतात. आणि मुले? मुले मला खिडकीशी नेऊन पान उजेडात धरतात. पट्टीमागचा शब्द स्वच्छ दिसतो. पूर्वी गोष्ट वाचता वाचता कुणाला तरी तो भेटायचा. आता फक्त तेवढाच वाचायला रांग लागते. इतके मन लावून मला पूर्वी कुणी वाचले नव्हते.

गेल्या महिन्यात एक बाई मुलीचा हात धरून ग्रंथालयात आल्या. नखांवरून मी ओळखले. वखार आता त्याच चालवतात. मुलगी रडून रडून लाल झाली होती. कुणीतरी खिडकीशी वाचलेला शब्द तिला चिकटवला होता.

"सर, ते होडीचं पुस्तक द्या जरा," बाई म्हणाल्या. "हिला एक पान पाठ करून घ्यायचंय."

ग्रंथपालांनी मला काढले. बाईंनी त्रेसष्टावे पान उघडले. पांढरे, खरबडीत, चट्टे पडलेले पान. त्या पाहतच राहिल्या.

"ताई, शब्द झाकलेत आम्ही," ग्रंथपाल चाचरत म्हणाले. "तुमच्यासारख्यांना वाईट वाटू नये म्हणून."

"शब्द तर हिला पाठ आहे, सर. त्या पोरीचं उत्तर कुठाय?"

ग्रंथपाल धावत जाऊन नवी आवृत्ती घेऊन आले. चकचकीत, गुळगुळीत. तिच्यात ती शिवी नव्हतीच. सगळीकडे 'गोड मुलगी' असे छापले होते. आणि गोड मुलगी म्हटल्यावर कुणी कशाला चिडेल? म्हणून ते पानही काढून टाकले होते. पोर मालकाच्या पायरीपाशी येते, टोपली खाली ठेवते आणि नमस्कार करून निघून जाते.

बाईंनी नवी आवृत्ती बंद केली, कागद मागून घेतला आणि आठवेल तसे लिहू लागल्या. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होत्या, "'माझा कोळसा तुमच्या शेगडीत पेटतो तेव्हा त्याच्यापुढे हात शेकता. मग मला का नावं ठेवता? उद्यापासून शेगडी थंड राहील. उद्यापासून तुम्हीच ठरवा...'" इथे त्या अडल्या.

"पुढे काय, आई?"

"थांब हं. शेवटची एकच ओळ आहे. त्या ओळीनंच तर सगळे गप्प झाले होते." त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, माझ्या पांढऱ्या पानावरून बोट फिरवले.

मित्रांनो, माझ्यात काही वाईट असेल तर मला झाकू नका, चोपडू नका. मला उघडा, शेजारी कोण बसले आहे ते बघा आणि मग शेवटपर्यंत वाचा. माझ्यावर चिडायचे असेल तर वाचून चिडा.

त्या मुलीने अर्धवट कागदाची घडी केली आणि विचारले, "आई, मग शेवटी मी काय म्हणू?" दोघींनी माझ्याकडे पाहिले. ती शिवी मला अजून अक्षरन् अक्षर आठवते. ती ओळ मात्र मलाही आठवली नाही.