तानबाचं सोंग

पुलगावात फॅन्सी ड्रेस हा शब्द पहिल्यांदा आला तो शकुंतलेच्या घरी, १९५८ सालच्या दिवाळीआधी. तिची मामेबहीण नागपूरहून तो घेऊन आली होती. सोंगं गावाने पाहिली नव्हती असं नाही, पण ती पुरुषांनी रस्त्यावर आणायची. मुलींनी घरात दार लावून सोंग घ्यायचं आणि बाकीच्यांनी ते कोणाचं ते ओळखायचं, याचं नववीच्या वर्गाला वेडच लागलं.

मनकर्णेला बोलावणं आलं तेव्हा तिला खरं वाटेना. शकुंतला म्हणजे कापसाचे व्यापारी ताराचंद शेठ यांची मुलगी. मनकर्णेला वडील नव्हते. आई लोकांच्या शेतात तण काढायला, निंदणाला जायची आणि मोठा भाऊ तानबा गिरणीत बदलीवर होता, म्हणजे कोणी गैरहजर असलं तरच त्याला काम. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वस्तीने बुद्धाचा धर्म घेतला होता. त्यानंतरही वर्गातल्या मुली तिच्याशी बोलायच्या त्या गणितापुरत्या. आणि आता महिनाभर शकुंतला तिच्या शेजारी बसत होती, आपल्या डब्यातली पुरी मोडून अर्धी तिला देत होती.

"जाय ना वं," तानबा म्हणाला. "पन रविवारी मॅच हाये, ध्यानात ठेवजो. तू दिसली नाई तं माहा दम टिकत नाई."

कबड्डीच्या ढालीचा तो शेवटचा सामना होता. एका बाजूला गिरणीचा संघ, दुसऱ्या बाजूला बाजारपेठेचा, ज्याचा कप्तान शकुंतलेचा भाऊ हिरालाल. ढाल आली तर तानबाला कायम करू, असा शब्द गिरणीतल्या साहेबांनी दिला होता. म्हणून तानबाने एक गोष्ट लपवली होती. श्रावणात गिरणीत रुईची, म्हणजे दाबलेल्या कापसाची, गाठ घसरून त्याच्या उजव्या गुडघ्यावर आली होती. हे कळलं असतं तर त्याला संघातून काढलं असतं. ठाऊक होतं दोघांनाच: त्या वेळी जवळ असलेल्या चिंधूला, जो त्याच्याच संघात खेळायचा, आणि मनकर्णेला.

शनिवारची अर्धी शाळा सुटली आणि मुली शकुंतलेच्या माडीवर जमल्या. वच्छलेने वडिलांचा काळा कोट चढवून तिकीट तपासनीस केला. मामेबहीण नागपूरची डॉक्टरीणबाई झाली आणि सगळ्यांच्या जिभा पाहत फिरली. मनकर्णेने कोणाचं सोंग घ्यायचं हे शकुंतलेनेच सुचवलं होतं.

"तुझ्या भावाचं घे गं. सगळं गाव त्याला पाहायला जातं. आम्हाला कोण पाहू देतं जवळून?"

मनकर्णेने आईच्या लुगड्याचा काष्टा मारला, वर तानबाचा सामन्याचा निळा बनियन घातला आणि केस फडक्यात बांधले. मग ती जमिनीला हात लावून, मधे मैदानाची रेषा आहे असं धरून, पलीकडे गेली, आणि माडीवर तानबाच अवतरला. तीच खांदे पाडून सरकण्याची रीत, तीच तिरपी मान. वळण्याआधी तो उजव्या मांडीवर दोन थापा मारायचा, त्याही तिने मारल्या. मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"बाप्पा, काय ऐट!" शकुंतला हसून लोळली. "त्या थापा कशाला गं?"

"ऐट नाई ते," मनकर्णा म्हणाली. तिला धाप लागली होती, चेहरा फुलला होता. आजवर इतक्या जणींनी एकदम तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. "गुडघा बसवते तो. बसवल्याबिगर त्याले वळता येत नाई."

"मग वळतो कुठून?"

"डावीकडूनच. उजव्या पायावर भार देता येत नाई ना."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण शकुंतलेने तिच्या गळ्यात हात टाकला आणि पितळेच्या फुलपात्रातून स्वतः तिला सरबत पाजलं. त्या घरात मनकर्णेच्या ओठांना लागलेलं ते पहिलं भांडं. घरी जाताना ती गुडघ्याचं विसरली, फुलपात्राचं नाही.

"उद्या सकाळी पुन्हा," शकुंतला दारात म्हणाली. "ज्या आज आल्या नाहीत त्यांच्यासाठी. पण तू हेच सोंग घे, दुसरं नको."

रविवारी सकाळी माडी पुन्हा भरली. कोणी मास्तरीण झाली, कोणी मारवाडीण झाली, पण दोन-दोन मिनिटांत त्यांना बसवलं. मनकर्णेला मात्र चारदा उभं केलं. "हळू कर गं, दिसत नाही नीट," असं शकुंतला म्हणत राहिली. जिन्याखाली पुरुषांच्या सात-आठ वहाणा पडल्या होत्या आणि शेजारच्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. मनकर्णेला वाटलं, शेठजींकडे पाहुणे आले असतील.

दुपारी सामन्याच्या मैदानावर मैत्रिणींनी तिला आपल्यात बसवून घेतलं. बायकांसाठी सतरंजी टाकली होती, तिच्यावर अगदी मधोमध. वस्तीतल्या बाया पलीकडे मातीत बसल्या होत्या. त्यांच्यातून आईने हात हलवला. मनकर्णेनेही हलवला, पण उठून गेली नाही.

पहिल्या डावात चिंधू आणि तानबाने पेठेची दाणादाण उडवली. दुसऱ्या डावात तानबाचा गुडघा कुरकुरू लागला, थापा सुरू झाल्या आणि काहीतरी बदललं. तानबा चढाईला गेला की पेठेचे गडी त्याच्या डोळ्यांकडे पाहीनात, ते त्याच्या उजव्या हाताकडे पाहू लागले. हात मांडीकडे गेला की कोपऱ्यातला गडी थेट उजव्या घोट्यावर पडायचा. एकदा झालं, दोनदा झालं. शेवटच्या मिनिटाला गिरणी एका गुणाने मागे होती आणि तानबा पुन्हा गेला. त्याचा हात खाली आला.

"आता! आता वळणार!" शकुंतला गुडघ्यांवर उभी राहून ओरडली, "हिराभैया, आता!"

हिरालालने सूर मारला. तानबा पडला तो त्याच गुडघ्यावर.

मनकर्णेला टाळ्या ऐकू आल्या, पण कशाच्या ते क्षणभर कळेना. मग जिन्याखालच्या त्या वहाणा डोळ्यांपुढे आल्या.

"सकाळी खोलीत हेच होते?" तिने विचारलं.

शकुंतलेने परकर झटकला. "अगं, खेळात चालतं एवढं. आणि आम्ही का तुला जबरदस्ती केली? तू तर हौसेने करत होतीस."

"म्हणून माह्याजवळ बसत होती तू? महिनाभर?"

शकुंतला उठली. ती भावाकडे धावली. वच्छला तेवढी घुटमळली, मग तीही गेली. एवढ्या मोठ्या सतरंजीवर मनकर्णा एकटी राहिली.

ती घरी आली तेव्हा दिवस अजून मावळला नव्हता. तानबा ओट्यावर पाय लांब करून बसला होता. गुडघा सुजून गाडग्याएवढा झाला होता. आई आत चुलीशी होती.

"चिंध्यानं विकलं मले," तानबा म्हणाला. "त्याच्याबिगर कोनाले मालूम होतं? मैदानाबाहेर साऱ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली म्या. रडला साला, म्हने मी नाई, आईची शप्पथ. वरतून खोटं बोलून राह्यला!"

 मनकर्णा गप्प राहिली असती तर कोणाला कळलं नसतं. चिंधूचं नाव झालंच होतं, आणि सोंगाची गोष्ट शेठजींच्या माडीबाहेर कशाला आली असती.

"दादा, चिंधूभाऊनं नाई सांगितलं."

"मंग?"

"म्या."

तिने सगळं सांगितलं. बनियन, थापा, दार, वहाणा. फुलपात्राचंही सांगितलं, ते का सांगितलं ते तिला कळलं नाही.  तिला वाटलं, तानबा आता मारेल. तिने गाल पुढेच केला होता.

तो भिंतीला धरून उठला.

"कुठी चालला?" आईने आतून विचारलं.

"चिंध्याकडे." मग मनकर्णेकडे न पाहता म्हणाला, "तू बी चाल. मी माफी मागीन. पन काय झालं ते तूच सांगजो त्याले, आपल्या तोंडानं."

वस्तीतून जाताना माणसं ओट्यांवर बसलेली होती. तीन महिने तानबा यांच्यासमोरून दात आवळून सरळ चालला होता. आज तो सगळ्यांदेखत लंगडत चालला. मनकर्णेने आधाराला खांदा पुढे केला. त्याने तो घेतला नाही. मग ती दोन पावलं मागे राहून, त्याच्या चालीने, हळूहळू चिंधूच्या दारापर्यंत गेली.