देवमाणसाची बायको

इंझोरी गावापलीकडच्या रानात रंगरावानं झोपडी बांधली, तेव्हा हौसाबाईला वाटलं होतं की नवरा दोन महिन्यांत कंटाळेल आणि दोघं कारंज्याला परततील. तो कंटाळला नाही.

कारंज्याच्या माळ्याचा हा मुलगा वर्षभर कुठल्याशा आश्रमात राहून आला आणि त्याच्या मनानं घेतलं, की माणसानं कुणाच्या जिवावर जगू नये. जंगलाला लागून मामाचा पडीक तुकडा होता. तिथं सागाच्या बल्ल्या रोवून, कापसाच्या पऱ्हाटीचे कुड घालून, वर गवत आणि पळसाची पानं शाकारून त्यानं स्वतःच्या हातानं घर उभं केलं. मागं तुराट्यांच्या आडोशाला संडास. दोन खड्डे, वर फळ्या. उठताना राख, माती आणि पालापाचोळा टाकायचा. एक भरला की झाकून दुसरा वापरायचा. मुरलेलं सोनखत तो स्वतः उपसून वांग्यांच्या वाफ्यात घाली. हौसाला त्या कामाला त्यानं कधी हात लावू दिला नाही.

हे पाहायला लांबून माणसं येत. रंगराव मूठभर खत त्यांच्या नाकाशी धरी. घाण येत नाही म्हटल्यावर ती चकित होत, जाताना त्याच्या पाया पडत. हौसा तेव्हा आत भाकरी थापत असे. पाहुणे गेले की पुन्हा ते रान आणि वाळल्या पानांची खसखस. बाजार त्यानं बंद केला होता. दिव्याला तेल नको म्हणून उजेडातच जेवायचं, मग अंधारात पडून राहायचं. शेवटी त्यानं मीठ सोडलं, तेव्हा तिचंही सुटलं. माहेरी जायचं नाव काढलं की तो शांतपणे विचारी, इथं काय कमी आहे. तिला सांगता येत नसे.

एकदा तो वाफ्यात गुंतलेला पाहून ती निघाली. पायवाटेनं इंझोरी गाठली, तिथून एका बैलबंडीवाल्याला हात जोडून कारंजा. भावाच्या, नथ्थूच्या, दारात पोचली तेव्हा तळव्यांत काटे भरले होते. नथ्थूनं ते काढले, तिला जेवू घातलं, सगळं ऐकून घेतलं.

"मारते का तुले?"

"नाही."

"दारू पेते?"

"नाही."

"मंग हौसा, तो तं देवमाणूस हाय. तुहा मैलाही तोच उपसते. अजून काय पायजे तुले?"

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला बंडीत घालून परत नेलं आणि मेव्हण्याची माफी मागितली. रंगराव रागानं एक शब्द बोलला नाही. त्यानं तिला पाणी दिलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निदान कुणाला काही सांगता आलं असतं.

पुढं तिला दिवस गेले. पोट दिसू लागलं तेव्हा रंगरावानं ठरवलं, बाळंतपण झोपडीतच. सुईण नको. आश्रमात त्यानं गाई विताना पाहिल्या होत्या. पाणी तापवून सगळं तो स्वतः करणार होता. हौसा रडली, गयावया केली. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला आणि म्हणाला, भेव सोड.

आठवा लागला होता, तेव्हा वाशीमकडून एका दमणीत, छपराच्या बैलगाडीत, मंडळी आली. त्यात मोतीबाई नावाची एक वयस्कर विधवा होती. ती संडासाला गेली, हौसा लोटा घेऊन बाहेर थांबली. हात धुता धुता मोतीबाईनं तिच्या पोटाकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"तुले आवडते का इथं?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "मी इथं मरीन," ती कशीबशी म्हणाली.

मोतीबाई तशीच पुढच्या अंगणात गेली. रंगराव खत दाखवत होता. या पोरीला बाळंतपणासाठी दमणीतून कारंज्याला पोचवते, असं तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. मंडळी खाली पाहू लागली. रंगरावाच्या हातातलं खत तसंच राहिलं.

"तू गेली तं हे समदं खोटं पडते, हौसा."

"खोटं नाही," ती म्हणाली. "तुमचं हाय. माह्यं नाही."

ती दमणीत चढली. त्यानं अडवलं नाही.

नथ्थूच्या घरी ती बाळंत झाली. पोर पायाळू निघाली. सुईण सकाळपासून दुपारपर्यंत झटली, तेव्हा दोघी वाचल्या. बारशाला रंगराव आला. लेकीला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसला, मग हौसाला चल म्हणाला. ती उठली नाही. तो एकटाच परतला आणि झोपडीतच राहिला.

गाव तिलाच नावं ठेवी. भावजयीनं तिला गोठ्यालगतची खोली दिली आणि त्या खोलीचेही उपकार बोलून दाखवत राहिली. हौसा भावाच्या मळ्यातली मेथी आणि कोथिंबीर घेऊन बाजारात बसू लागली, पोर शेजारी पोत्यावर. गिऱ्हाइकं ओळखत. भाजी निवडता निवडता विचारत, देवमाणसाकडे परत कधी जातेस.

ती भाव सांगे, आणि जुडी बांधून पुढं करी.